न दिसणारे दुखणे



फळ्यापुढे आमची हयात गेली. पण अखेरच्या वर्षांत खडू उचलणेही जड व्हावे, अशी सांधेदुखी जडली. सांध्यांस सूज नाही, क्ष-किरण चित्र निर्दोष, रक्तही निर्दोष! सबब ‘मास्तरांस कामाचा कंटाळा’ असा घरात निकाल लागला. तो दुखण्याहून अधिक झोंबला.

पुढे विकाराचे नाव कळले : फायब्रोमायल्जिया. यात सांधे झिजत नाहीत; मज्जासंस्थाच वेदना वाढवून सांगते. झोपेनेही शीण जात नाही. युरोपातील संधिवाततज्ज्ञांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत ठाम पाठिंबा मिळाला, तो एकट्या व्यायामास. आम्ही रंकाळ्याच्या काठी प्रथम दहाच मिनिटे चालू लागलो व हळूहळू वेळ वाढविली. बऱ्या दिवशी सारी कामे उरकण्याचा मोह आवरला. कारण त्याचे व्याज दुसऱ्या दिवशी अंथरुणात फेडावे लागते. दुखणे गेले नाही, आटोक्यात मात्र आले.

हा विकार स्त्रियांत अधिक आढळतो. पत्नीचे अंगदुखीचे गाऱ्हाणे आम्हीच एके काळी हसण्यावारी नेले होते, याची आज लाज वाटते. तरी घरातील लेकीसुनांनी ‘अंग दुखते’ म्हटल्यास त्यास ढोंग म्हणू नका. आधी विश्वास ठेवा, मग वैद्यांकडे न्या. एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.