वंगणात टिकणारा सांधा

कुर्डुवाडी ते बार्शी ही छोटी गाडी 1897 साली सुरू झाली. अडीच फुटी रूळ, कॅलथ्रॉप साहेबांची योजना आणि इंग्लंडमध्ये लीड्सच्या किट्सन कारखान्यात घडलेली, आठ जोडचाकांची इंजिने. पुढे हा मार्ग पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेला. आता तिथे ब्रॉडगेज आहे. ते वाफेचे इंजिन पुन्हा चालताना पाहायचे, तर त्याची छोटी प्रतिकृती घरीच लेथवर घडवावी लागेल. सोलापुरात चांगला टर्नर फार शोधावा लागत नाही. अडतं ते सांधे जोडताना, कारण अशा इंजिनात तेल नाही अशी जागाच नसते.

मग आपण दुकानात जातो आणि विचारतो, ‘हे ऑइलप्रूफ आहे का?’ माझ्या मते हा प्रश्न अर्धाच आहे. वाळलेला सांधा तेलात टिकेल का, ही एक गोष्ट. तेलकट धातूला तो मुळात चिकटेल का, ही वेगळी. पहिल्या परीक्षेत बरेच जण पास होतात. दोन ट्यूबांचे अ‍ॅराल्डाइट एकदा पक्के झाले की इंजिन ऑइलला दाद देत नाही. ट्रकचे मेकॅनिक गॅस्केटला शेलॅक, म्हणजे आपली लाखच, लावत आले आहेत. ती स्पिरिटमध्ये विरघळते, तेलात नाही. चपलेला लावतात ते रबरी सोल्युशन मात्र तेलाने फुगते आणि सुटते. ते इथे नकोच.

बहुतेक सांधे फसतात ते दुसऱ्या परीक्षेत. आपल्याकडे सुटे भाग रॉकेलने धुऊन चिंधीने पुसायची सवय आहे. भाग स्वच्छ दिसतो, पण वर तेलाचा पातळ थर राहतो. शेवटचा हात अ‍ॅसिटोनचा द्यावा, खिडकी उघडी ठेवून आणि ज्योतीपासून लांब. मग पाण्याचा थेंब टाकून पाहा. तो पसरला तर धातू तयार आहे. मोत्यासारखा गोळा होऊन बसला तर पुन्हा पुसा. आणि हो, चिकटवण्याआधी पाणी पूर्ण वाळू द्या.

चाक आसावर बसवायला उत्तम ते लोकटाइटसारखे, बेअरिंगच्या दुकानात मिळणारे द्रव. बाटली अर्धीच भरलेली असते म्हणून गिऱ्हाईक कुरकुरते, पण ती फसवणूक नव्हे. हा द्रव हवा असेपर्यंत पातळ राहतो. धातूच्या फटीत हवा कोंडली, संपली की घट्ट होतो. बाटलीतली हवाच त्याला जिवंत ठेवते. त्याचे काही प्रकार किंचित तेलकटपणाही चालवून घेतात. पितळेवर तो भराभर आवळतो, स्टेनलेसवर रेंगाळतो, प्लास्टिकला त्याचा उपयोग नाही. फट मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकीच हवी. दोन्ही बाजूंच्या क्रँकमध्ये काटकोन साधायचा असतो, तेव्हा कोन धरणारा साचा आधी तयार ठेवा आणि मगच बाटली उघडा. हात लावल्यावर विचार करायला वेळ मिळत नाही.

तेलापेक्षा खरा वैरी म्हणजे उष्णता. वाफेचा दाब 3 किलो असेल तर तापमान 140 अंशांच्या पुढे जाते. साधे अ‍ॅराल्डाइट 60-70 अंशांपासूनच ढिले पडू लागते. फेविक्विक तेल सोसते. पण ताप आणि हादरा त्याला झेपत नाहीत. म्हणून सिलिंडरजवळ जास्त तापमानाचा प्रकार मागून घ्यावा, लेबलवरचा आकडा वाचूनच. बॉयलरचा मात्र एकही सांधा कुठल्याही चिकटद्रव्याने जोडायचा नाही. तिथे चांदीचा झाळच हवा, तोही जाणकाराच्या हातचा, आणि वाफ करण्याआधी थंड पाण्याच्या दाबाची चाचणी हवी. वाफेखाली बॉयलर फुटला तर समोर बहुधा घरातलीच मुले उभी असतात.

आपल्या उन्हाळ्याचीही दखल घ्यावी लागते. मे महिन्यात दुपारी कालवलेले अ‍ॅराल्डाइट ताटलीतच आवळू लागते. थोडे थोडे आणि सकाळी कालवावे. जे नट पुन्हा खोलायचे आहेत त्यांना मध्यम ताकदीचा द्रव लावा. तो बहुधा निळा असतो. कडक प्रकारचा सांधा नुसत्या पान्याला जुमानत नाही. त्याला टॉर्चने अडीचशे अंशांपर्यंत तापवून, गरम असतानाच सोडवावा लागतो.