पाण्याच्या भ्रमंतीवरून गाठीची पारख

दक्षिण दिल्लीतील रामकृष्णपुरम, लोकांच्या तोंडी आर. के. पुरम, ही केंद्र सरकारच्या नोकरवर्गासाठी वसविलेली वसाहत. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या कुटुंबांनी येथे संसार थाटले. अशा घरातील एखाद्या गृहिणीला वेणी घालताना आरशात गळ्यावर गाठ दिसली, तर अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था तेथून दूर नाही. परंतु तेथे पोहोचेपर्यंत मनात एकच प्रश्न घोळत राहतो : ही गाठ साधी, की कर्करोगाची?

गळ्यातील थायरॉइड, म्हणजेच अवटू ग्रंथी, हा दिल्लीतील वैद्यकाचा जुना अभ्यासविषय आहे. पुढे याच संस्थेचे संचालक झालेले डॉ. रामलिंगस्वामी यांनी 1956 मध्ये कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग आरंभिला आणि गलगंड मिठाने आटोक्यात येतो हे दाखविले. एकट्या गाठीचा निवाडा मात्र इतका सरळ नाही. अशा बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात. सोनोग्राफीनंतर बारीक सुईने पेशी काढून तपासतात. पण कधी कधी त्यातूनही निश्चित उत्तर मिळत नाही. मग केवळ निदानासाठी अर्धी ग्रंथी काढावी लागते, आणि पुष्कळदा ती गाठ निरुपद्रवीच निघते. काहींना त्यानंतर जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात.

येथे विसरणाधारित एमआरआयचा उपयोग होऊ शकतो. शरीरातील पाण्याचे रेणू सतत भटकत असतात. मापनाच्या अवघ्या काही शतांश सेकंदांत ते मिलिमीटरच्या काही शतांशाएवढेच अंतर तोडतात, आणि पेशींचा आकारही साधारण याच मापाचा असतो. निरोगी ग्रंथीत द्रवाने भरलेली सूक्ष्म पुटके असतात. त्यांत पाण्याला मोकळीक मिळते. कर्करोगाच्या गाठीत पेशी दाटीवाटीने वाढतात आणि पाण्याची वाट अडते. ही मोकळीक आकड्यात मांडतात. त्याला विसरणांक म्हणतात. तो कर्करोगाच्या गाठीत बहुधा कमी भरतो. फ्रान्सचे डेनी ल बियाँ यांनी अशा प्रतिमा 1986 मध्ये प्रसिद्ध केल्या. यात क्ष-किरण नाहीत आणि सुईही टोचावी लागत नाही.

तथापि गळा ही या यंत्राला अवघड जागा आहे. रुग्ण आवंढा गिळतो, श्वास घेतो. श्वासनलिकेतील हवेमुळे चुंबकीय क्षेत्र बिघडून चित्र वेडेवाकडे होते. यंत्र वा मापनाची रीत बदलली की आकडाही बदलतो. शिवाय काही साध्या गाठीही दाट पेशींच्या असतात, तर काही कर्करोगी गाठींत द्रव साचलेला असतो. म्हणून एकट्या विसरणांकावर शस्त्रक्रियेचा निर्णय घेणे योग्य नव्हे. सोनोग्राफी आणि सुईची तपासणी यांचे स्थान अद्याप पहिले आहे. हा आकडा त्यांच्या जोडीला ठेवून वाचावयाचा असतो.

तेव्हा गळ्यावर गाठ दिसताच ती पदराआड झाकू नये, आणि महागड्या यंत्राचा हट्टही धरू नये. आधी वैद्याचा हात गळ्याला लागू द्यावा; पुढची तपासणी कोणती, हे त्यानंतर ठरते.