वेताळाच्या चित्रकथा : बंदी घालावी काय?

जालना जिल्ह्यांतील परतूर तालुक्यांत आष्टी नांवाचें गांव आहे. अशा गांवांतील एखाद्या नोकरदाराच्या जुन्या घराचा माळा दिवाळीच्या साफसफाईंत उघडला, म्हणजे पंचांगांच्या गठ्ठ्याखालीं ‘इंद्रजाल कॉमिक्स’चे मराठी अंक अजूनहि क्वचित् सांपडतात. टाइम्स ऑफ इंडियाच्या चालकांनीं मुंबईहून १९६४ सालीं सुरू केलेली ही चित्रमाला १९९० पर्यंत चालली. ज्यांनीं ते अंक खाऊचे पैसे सांठवून घेतले ते आज आजोबा झाले आहेत. सुटीला आलेलें त्यांचें नातवंड अंक उघडून जो प्रश्न विचारतें, तो आजोबांना त्या वयांत सुचला नव्हता. गोरा मनुष्य सिंहासनावर कां बसला आहे, आणि काळीं माणसें त्याच्या पायाशीं कां उभीं आहेत?

हा गोरा मनुष्य म्हणजे वेताळ. ली फाल्क या अमेरिकन लेखकानें १९३६ सालीं त्याला जन्म दिला. कथा अशी कीं, १५३६ सालीं चांच्यांच्या हल्ल्यांतून वांचलेला एक गोरा तरुण दूरच्या किनाऱ्याला लागला. तेथील ठेंगण्या वनवासी लोकांनीं त्याला जगविलें. आणि त्याचे वंशज पिढ्यानुपिढ्या मुखवटा चढवून त्या अरण्यावर हुकमत चालवूं लागले. मराठी रूपांतरांत त्याला वेताळ हें नांव मिळालें, हा एक विनोदच म्हणावयाचा. शिवेवर शेंदूर माखून बसलेला गांवचा राखणदार कोठें, आणि अंगाला घट्ट चिकटलेल्या पोशाखांतील हा परदेशी कोठें! परंतु नांव इतकें चपखल बसलें कीं मुलांना तो कधीं परका वाटलाच नाहीं.

त्याच लेखकाचा दुसरा नायक मॅण्ड्रेक जादूगार. तो १९३४ सालचा. त्याचा सोबती लोथार हा आफ्रिकेंतील राजपुत्र. पण जुन्या चित्रांत तो बिबळ्याचें कातडें पांघरून, मोडकीं वाक्यें बोलत मालकाच्या मागें उभा असे. बळ त्याचें, बुद्धि मालकाची. १९६५ सालीं चित्रकार बदलला, आणि तेव्हांपासून लोथार नीट बोलूं लागला, नीट कपडे घालूं लागला. वेताळाच्या अरण्यालाहि पुढें डॉक्टर लुआगा हा सुशिक्षित, लोकांनीं निवडलेला काळा अध्यक्ष मिळाला. लेखक मात्र तोच. जग बदललें तशी त्याची लेखणी वळली. जुने अंक नाहींसे केले तर हें वळण कोणाला दिसणार?

आतां यांतील खरी मौजेची आणि थोडी लाजेची गोष्ट. मूळ इंग्रजी कथेंत या अरण्याचें नांव बंगालशीं मिळतेंजुळतें होतें, आणि समुद्रावरील चांच्यांच्या टोळीला ‘सिंग’ म्हटलें होतें. भारतीय आवृत्तींत अरण्याचें नांव ‘देंकाली’ झालें आणि सिंगांचे ‘सिंगा’ झाले. बंगाल्याला वाईट वाटूं नये, शिखाला किंवा रजपुताला राग येऊं नये, एवढी काळजी मुंबईच्या कचेरींत घेतली गेली. ती रास्तच होती. पण त्याच पानावरील आफ्रिकन माणसाला काय वाटेल, हा विचार करून कोणी कुंचला उचलल्याचें दिसत नाहीं. आपला अपमान आपल्याला चटकन् कळतो. दुसऱ्याचा अपमान मनोरंजन म्हणून खपून जातो.

बंदीची मागणी करणाऱ्यांचें म्हणणें हलकें समजूं नये. मूल चित्र पाहून हंसावयास शिकतें, आणि तें हंसें चित्रापुरतें राहत नाहीं. वर्गांतील सांवळ्या मुलाला ‘हबशी’ म्हणून चिडविणारीं मुलें हा शब्द कोठून तरी उचलतातच. शिक्षणासाठीं पुण्यास येणाऱ्या आफ्रिकन विद्यार्थ्यांकडे रस्त्यांत ज्या नजरेनें पाहिलें जातें, ती नजर कांहीं एका दिवसांत तयार झालेली नाहीं.

तथापि बंदी म्हणजे काय, हेंहि पाहिलें पाहिजे. मुलांना अपायकारक ठरणाऱ्या प्रकाशनांविरुद्ध संसदेनें १९५६ सालीं खास कायदा केला. चित्रकथांवर त्याचा विशेष रोख होता. त्यांत गुन्हे, क्रौर्य आणि किळसवाण्या प्रसंगांचा विचार आहे. वर्णाच्या विटंबनेचा नाहीं. पण कायद्यांत एखादें कलम वाढविल्यानें काय साधेल? बेल्जममधील ‘टिनटिन’ या प्रसिद्ध बालनायकाच्या काँगो देशांतील सफरीच्या पुस्तकांत आफ्रिकन लोक मूर्ख दाखविले आहेत, म्हणून एका काँगोवासी गृहस्थानें फिर्याद केली. तेथील न्यायालयानें २०१२ सालीं बंदी नाकारली. इंग्लंडांत तें पुस्तक भोंवतीं इशाऱ्याची कागदी पट्टी गुंडाळून विकण्यांत आलें.

त्याच २०१२ सालीं आपल्याकडे काय घडलें, तें अनेक श्रोत्यांना आठवत असेल. शंकर यांनीं १९४९ सालीं काढलेलें एक व्यंगचित्र अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकांत होतें. गोगलगायीवर बसलेले डॉक्टर आंबेडकर आणि मागें चाबूक घेतलेले नेहरू, असें तें चित्र. संसदेंत गदारोळ झाला, आणि पुस्तकाचे सल्लागार प्राध्यापक सुहास पळशीकर यांच्या पुणें विद्यापीठांतील कार्यालयाची मोडतोड झाली. ज्यांना तें चित्र बोंचलें त्यांची वेदना खोटी नव्हती; चाबूक या वस्तूचा अर्थ पिढ्यानुपिढ्या फटके खाल्लेल्यांना निराळाच लागतो. परंतु तोडलेल्या खुर्च्यांनीं तो अर्थ इतरांना समजावून दिला असें झालें नाहीं. चित्र शिल्लक ठेवून त्याखालीं ती वेदना चार ओळींत छापली असती, तर वर्गांतील मुलांनीं कांहीं तरी शिकलें असतें.

मराठवाड्यापुरतें बोलावयाचें तर वेताळाला उत्तर देण्यासाठीं बंदीची गरजच नाहीं. उत्तर येथल्या मातींतच आहे. मलिक अंबर हा हबशांच्या देशांत जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, आणि दख्खनेंत येऊन निजामशाहीचा वजीर झाला. ज्या खडकी शहराचें पुढें औरंगाबाद झालें आणि ज्याला आज छत्रपति संभाजीनगर म्हणतात, तें त्यानें १६१० सालीं वसविलें. शहराला नहरींतून पाणी आणलें, जमीनमहसुलाची घडी बसविली, आणि मराठा स्वारांना हाताशीं धरून जहांगीर बादशहाच्या फौजांना वर्षानुवर्षें दमविलें. १६२६ सालीं तो वारला. त्याची कबर खुलताबादेस आहे. आष्टीसह सारा मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता, आणि त्या निजामाच्या पदरींहि आफ्रिकन घोडेस्वारांचें पथक होतें. हैदराबादेंतील एका वस्तीला त्यांचें नांव अजून चिकटून आहे. ज्या प्रांताच्या मुलांनीं मलिक अंबराची नहर पाहावी, त्यांनीं आफ्रिकन म्हणजे बिबळ्याचें कातडें पांघरलेला पहिलवान, एवढेंच शिकावें, ही चूक चित्रकाराइतकीच पाठ देणाऱ्याचीहि आहे.

शिवाय परदेशी कथांनाच दोष देऊन मोकळें होतां येत नाहीं. १९६७ पासून निघालेल्या ‘अमर चित्र कथा’ मालेनें पुराणें घरोघर पोंचविलीं, हें तिचें मोठें काम. पण तिच्या पानांत देव आणि राजकन्या गोऱ्या अथवा निळसर, आणि राक्षस बहुधा काळे वा तपकिरी. ज्या महाराष्ट्राचें दैवत पंढरीचा काळा विठोबा, तेथल्या मुलानें उन्हांत राबणाऱ्या आपल्या बापाचा रंग असुराच्या अंगावर पाहावा! मग लग्नाच्या जाहिरातींत ‘गोरी’ हा शब्द कां छापला जातो, याचें नवल करण्याचें कारण उरत नाहीं.

तेव्हां जुने अंक जाळूं नयेत, आणि गुपचूप रंग बदलून नव्यानें छापूंहि नयेत. ग्रंथालयांनीं ते लहान मुलांच्या फडताळांतून काढून जाणत्यांच्या फडताळांत ठेवावे. पुन्हां छापणाऱ्यानें आरंभीं एक पान घालून काय बदललें व कां, तें स्पष्ट सांगावें. आणि घरांत ते वाचले जातील तेव्हां वडील माणसानें शेजारीं बसावें. मुरूड-जंजिऱ्याच्या बाजूस सिद्दी कुटुंबें पिढ्यानुपिढ्या राहत आहेत. त्या किनाऱ्यावरील एखाद्या वर्गांत लोथारचा जुना अंक फिरूं लागला, तर शेजारच्या बांकावरील मुलानें सिद्दी मुलाला कोणत्या नांवानें हांक मारावयाची, याची काळजी गुरुजींनीं अंक उघडण्यापूर्वीं केलेली असावी.