उष्णतेची वाहतूक

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात, ऐन वाळवंटात, फिनिक्स नावाचे मोठे शहर वसले आहे. २०२३ च्या जुलै महिन्याच्या सुमारास तेथील दुपारचा पारा सलग ३१ दिवस ४३ अंश सेल्सिअसच्या वर जात होता. अशा गावी मनुष्याला घरात राहणे शक्य होते ते मध्यवर्ती वातानुकूलनामुळे. छपरावर, माळ्यावर किंवा अंगणात बसविलेले एकच यंत्र साऱ्या घराची हवा सांभाळते.

हे यंत्र थंडी निर्माण करते, ही समजूत सार्वत्रिक असली तरी खरी नव्हे. त्याचे काम हमालाचे आहे. घरातील उष्णता उचलावयाची आणि बाहेर नेऊन टाकावयाची, एवढेच ते करते. परंतु २५ अंशांच्या खोलीतील उष्णता ४३ अंशांच्या अंगणात आपण होऊन कशी जाणार? पाणी चढावर न्यावे तसा हा प्रकार आहे, आणि विजेचा खर्च होतो तो यासाठीच.

हातावर स्पिरिट पडले की ते उडून जाताना हात गार होतो, कारण उडण्यास लागणारी उष्णता ते हातातूनच घेते. यंत्रातील शीतक द्रव अगदी हेच करतो. मोठा पंखा खोल्यांतील हवा वाहिनीतून ओढून आणतो आणि तांब्याच्या थंड वेटोळ्यावरून नेतो. वेटोळ्यातील द्रव थोड्याशा उष्णतेनेही उकळतो, हवेतील उष्णता शोषून घेतो आणि त्याची वाफ होते. गार झालेली हवा दुसऱ्या वाहिन्यांतून खोल्याखोल्यांत परतते. इकडे कॉम्प्रेसर त्या वाफेला इतके दाबतो की ती बाहेरच्या उन्हाहूनही अधिक तापते. मग बाहेरच्या वेटोळ्यात ती आपली उष्णता सोडून पुन्हा द्रव बनते, अरुंद झडपेतून जाताना तिचा दाब उतरतो, ती थंड होते, आणि फेरा पुन्हा सुरू होतो.

थंड पाण्याच्या तांब्यावर घाम यावा तसे आतल्या वेटोळ्यावरही पाणी जमते व नळीने वाहून जाते. ही गोष्ट गौण नव्हे. १९०२ साली विलिस कॅरिअर यांनी ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी जी योजना आखली, ती दमटपणाने कागद फुगून रंग सरकू नयेत म्हणून. नागपूरकडील वाळ्याचे पडदे हवेत ओलावा घालून गारवा देतात. फिनिक्समध्येही पूर्वी त्याच तत्त्वावरील कूलर घरोघर असत. पण पावसाळी ढग आले की दोन्हीकडे हा उपाय लंगडा पडतो.

यंत्राची शक्ती टनांत सांगतात, तो टन वजनाचा नव्हे. सुमारे ९०० किलो बर्फ एका दिवसात वितळविण्यास जेवढी उष्णता लागेल, तेवढी उष्णता एका दिवसात बाहेर टाकणारे यंत्र एक टनाचे. अधिक टनांचे यंत्र अधिक चांगले, असे मानून गरजेहून मोठे यंत्र घेणारे मात्र फसतात. ते हवा झटपट गार करून थांबते आणि दमटपणा तसाच राहतो.

२०२३ साली फिनिक्स ज्या परगण्यात आहे तेथे उष्णतेमुळे ६४५ माणसे दगावली. त्यांतील जी घरातच गेली, त्यांच्यापैकी बहुतेकांकडे वातानुकूलनाचे यंत्र होते. परंतु ते चालत नव्हते. फिल्टर धुळीने कोंदला की आतल्या वेटोळ्यावर बर्फ साचून हवाच अडते, आणि बाहेरचे वेटोळे मळले की कॉम्प्रेसरवर ताण येतो. दर महिन्याला फिल्टर पाहणे घरच्या माणसाला जमते. बाकीचे काम कारागिराचे, आणि त्याला बोलवावयाचे ते उन्हाळा लागण्यापूर्वी.