कोरड्या ओढ्याचा हक्क



आपल्याकडचा ओढा वर्षातले कित्येक महिने कोरडा असतो, आणि त्याच्यावरची बहुतेक संकटे त्याच महिन्यांत ओढवतात. पात्रात प्रथम राडारोडा पडतो, त्यावर मुरूम पसरतो, मग पत्र्याचे कुंपण उभे राहते. आणि मृगाचा पाऊस येईतो तेथे ओढा होता ही गोष्ट जुन्या रहिवाशांच्या स्मरणापुरतीच उरते.

कायद्याने ओढ्याला निराधार सोडले आहे, ही समजूत मात्र यथार्थ नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966, हिच्या कलम 20 अन्वये, ज्यांवर कोणा व्यक्तीची मालकी नाही असे नद्या, ओढे व नाले यांचे तळ आणि त्यांतील पाणी ही सरकारची मिळकत आहे. त्यावरील अतिक्रमण हटविण्याचा अधिकार कलम 50 ने जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे. आणि बियास नदीकाठच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली असे स्पष्ट केले की, अशा नैसर्गिक संपत्तीचे सरकार हे केवळ विश्वस्त होय. 1974 च्या जलप्रदूषण कायद्याने तर प्रवाहाची व्याख्या करताना तो वाहता असो वा तूर्त कोरडा असो, दोहोंस सारखेच संरक्षण दिले. ज्याने हे शब्द योजले त्याला आपल्या देशातील ओढा खरोखर कळला होता.

मग पुण्याच्या आंबील ओढ्याची अशी गत का व्हावी? कात्रजच्या डोंगरातून निघणाऱ्या ज्या ओढ्याच्या पाण्यावर पेशवाईत कात्रजचे तलाव बांधले गेले आणि नळाने शहराची तहान भागविली गेली, तोच ओढा 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री घराघरांत शिरला, भिंती कोसळल्या, माणसे दगावली. पाऊस मोठा होता हे खरे; पण पात्र आकसलेले होते हेही तितकेच खरे.

माझ्या मते उघड अतिक्रमणापेक्षा रीतसर परवानगीने झालेले अतिक्रमण अधिक घातक असते. सातबाऱ्यावर पोटखराबा वर्ग ‘ब’ म्हणून नोंदलेली ओढ्याची जमीन बिनशेतीच्या मांडणीत कधी सरळ कालवा होते, कधी सिमेंटच्या नळात कोंडली जाते, आणि कागद मात्र निर्दोष राहतो. बंगळूरमध्ये हरित लवादाने 2016 साली नाल्यांच्या दर्जाप्रमाणे 50, 35 व 25 मीटर अंतर मोकळे सोडण्यास सांगितले. परंतु तेथील विकास आराखड्यातली अंतरे कमी होती, आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने लवादाचा तो आदेश रद्द केला. तात्पर्य इतकेच की, ओढ्याची हद्द निकालपत्रात नव्हे, आराखड्यातच पडली पाहिजे, आणि तीही भर पावसातल्या रुंदीनुसार मोजून, दगड रोवून.

म्हणून माझी विनंती अशी की, आपल्या भागाचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध होईल तेव्हा भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या गावनकाशाची नक्कल काढावी, तीवरील ओढ्याची रेघ आराखड्यावरच्या रेघेशी ताडून पाहावी, आणि जेथे ती नाहीशी झाली असेल तेथे मुदतीच्या आत लेखी हरकत नोंदवून तिची पोच घ्यावी.