आजच्या कादंबरीतील भूत

भुताची गोष्ट म्हटली की ओसाड वाडा, पिंपळ आणि अमावास्येची रात्र हे साहित्य ठरलेले असे. वाचकाने भ्यावे, एवढाच तिचा हेतू. अलीकडच्या इंग्रजी कादंबरीत मात्र भूत निराळ्याच कामासाठी येऊ लागले आहे.

अमेरिकन लेखक जॉर्ज साँडर्स यांची 'लिंकन इन द बार्डो' ही कादंबरी २०१७ साली प्रसिद्ध झाली. १८६२ च्या फेब्रुवारीत अध्यक्ष लिंकन यांचा अकरा वर्षांचा मुलगा विली विषमज्वराने दगावला. शोकाकुल पिता रात्री दफनभूमीत येतो. तेथील मृतात्मे स्वतःला केवळ आजारी समजतात. शवपेटीला ते आजाऱ्याची पेटी म्हणतात. आपण मेलो, हे मान्य करणेच त्यांना जड जाते.

श्रीलंकेचे शेहान करुणातिलक यांच्या 'द सेव्हन मून्स ऑफ माली अल्मेडा' या कादंबरीस २०२२ चे बुकर पारितोषिक मिळाले. तिचा नायक म्हणजे यादवीच्या काळातील कोलंबोचा एक मृत छायाचित्रकार. आपला खून कोणी केला हे शोधावयास, आणि हत्याकांडांची लपविलेली छायाचित्रे जिवंतांच्या हाती पोचवावयास, त्याला अवघ्या सात रात्री मिळतात.

पहिल्या कादंबरीत मेलेल्यांनी जगाला सोडावयाचे आहे; दुसरीत जगाने मेलेल्यांना विसरावयाचे नाही. ही पुस्तके मिटल्यावर वाचकाला अंधाराचे भय वाटत नाही. आपण कोणाला विसरलो तर नाही ना, हा प्रश्न मात्र त्याची झोप उडवितो.