एकांतांतील इंग्रजी



तर्खडकरांच्या पाठमाला पाठ केलेला गृहस्थ इंग्रजी पत्र बिनचूक लिहितो. पण आगगाडींत शेजारच्या परप्रांतीयानें इंग्रजींत सहज कांहीं विचारलें, कीं त्याची जीभ टाळ्याला चिकटते. दोष बुद्धीचा नसतो. डोळ्यांना व हाताला जी संवय लागली, ती जिभेला लागलीच नाहीं. बोलावयास सोबती नाहीं, ही त्याची नेहमींची तक्रार.

हाइनरिख श्लीमनचें चरित्र हें या तक्रारीचें उत्तर आहे. पुढें ट्रॉय नगरीच्या उत्खननानें प्रसिद्धीस आलेला हा जर्मन १८४२ च्या सुमारास ॲम्स्टरडॅममध्यें एका पेढीवर निरोप्याचें काम करी. वर्षाला ८०० फ्रँक मिळत. त्यांतले निम्मे तो शिक्षणावर खर्ची. १८८० सालच्या ‘इलियॉस’ ग्रंथांत त्यानें आपली रीत सांगितली आहे. मोठ्यानें पुष्कळ वाचावयाचें, भाषांतर करावयाचें नाहीं, निबंध लिहून शिक्षकाकडून तपासून घ्यावयाचे व तपासलेले तोंडपाठ करावयाचे. रविवारीं दोनदां इंग्रजी प्रार्थनामंदिरांत जाऊन प्रवचनांतील प्रत्येक शब्द तो ओठांतल्या ओठांत उच्चारी. सहा महिन्यांत इंग्रजी आलें, असें तो म्हणतो. रशियनसाठीं शिक्षक मिळेना, तेव्हां आठवड्याला चार फ्रँक देऊन त्यानें नुसता एक श्रोता ठेवला. त्या बिचाऱ्याला रशियनचें अक्षरहि कळत नव्हतें! मोठ्यानें केलेल्या त्या पाठांमुळें शेजारी कुरकुरले व दोनदां बिऱ्हाड बदलावें लागलें.

यांतील मर्म घरींहि साधतें. चहा करतांना हातून जें घडत असेल, तें इंग्रजींत बोलावें. दुकानदार व गिऱ्हाईक या दोन्ही भूमिका स्वतःच वठवाव्या. अडलेला शब्द टिपून संध्याकाळीं कोशांत पाहावा. वाक्य आधीं मराठींत जुळवूं नये. ‘जेवण झालें का?’ हा आपला कुशलप्रश्न आहे, इंग्रजाचा नव्हे. मराठींत एकच ‘व’ असल्यामुळें इंग्रजींतील दोन निराळे ध्वनि एकवटतात. एकांत वरचे दांत खालच्या ओठाला लागतात, दुसऱ्यांत ओठ गोल होतात. आरशासमोर हा भेद स्पष्ट दिसतो.

एकांताचा एक धोकाहि आहे. चूक दाखविणारें कोणी नसतें आणि घोकलेली चूक पक्की होते. इंग्रजीसाठीं श्लीमनलाहि शिक्षक होताच. म्हणून मोबाईलवर आपलें बोलणें मुद्रित करून उत्तम वक्त्याच्या बोलण्याशीं ताडून पाहावें, आणि अधूनमधून जाणत्याला ऐकवावें.

तालमींत जोर काढणाऱ्या मल्लाला कुस्ती अखेर फडांतच खेळावी लागते. पुढच्या प्रवासांत पहिला प्रश्न त्या गृहस्थानेंच विचारावा.